टॉवेलचे दांडे

आमचे हे, म्हणजे तांबटांच्या चौकातले उस्ताद तुहामी, आयुष्यात कुणापुढे वाकले नाहीत, आणि पडले कशावर, तर साबणाच्या फेसावर. न्हाणीघरातल्या गुळगुळीत फरशीवर पाय सटकला, कंबर आपटली आणि सगळा उन्हाळा खाटेवर गेला. त्याआधी दर गुरुवारी हमामात जायचे, मित्रांबरोबर वाफेत बसायचे, अंग चोळून घ्यायचे. आता तिथल्या पायऱ्या उतरणं बंद. न्हायचं ते घरात, आणि तेही एकट्यानं. माझा हातसुद्धा नको. "मी काय मढं आहे दुसऱ्यानं धुवायला?" असं म्हणायचे. आता ह्यावर बायकोनं काय बोलावं?

मुलगा अनस कासाब्लांकाहून धावत आला. येताना इस्पितळात असतात तसले, धरून उठायचे पांढरे दांडे घेऊन आला, ते भिंतीला ठोकले आणि नोकरीवर परत गेला. हे जरा उभे राहायला लागले, तसं पहिलं काम केलं ते दांडे उपटायचं. त्यातला एक गल्लीतल्या खेचरवाल्याला देऊन टाकला, खेचर बांधायला. अजून आहे तिथे भिंतीला. खेचराला त्यात अपमान वाटला नाही, एवढाच काय तो फरक.

अनसला हे कळलं तेव्हा त्यानं फोनवर मलाच ऐकवलं. बाबा आणखी एकदा पडले तर मी कुणाला विचारत बसणार नाही, दोघांना उचलून इकडे आणणार, म्हणाला. पोराचं चुकत नव्हतं. पण त्याचं घर पाचव्या मजल्यावर. लिफ्टनं वर जायचं आणि बाल्कनीत बसून दुसऱ्यांच्या बाल्कन्या बघायच्या. इथे सकाळी डोळे उघडायच्या आधी चौकातले हातोडे कानावर येतात. हे मला म्हणाले, "बतूल, तिकडे नेलं तर मी सहा महिने टिकायचो नाही." ते असलं बोलणारे नाहीत. 

मग आमची सून निस्रीन एकटीच आली, बॅग घेऊन. मला ती मानानं लल्ला म्हणते आणि ह्यांना सीदी. म्हणाली, लल्ला, मी रजा घेतलीये, न्हाणीघर नव्यानं करते. मी मनात म्हटलं, झालं! वर्षाला दिवाणखान्याच्या गाद्या बदलणारी ही बाई. इथे म्हाताऱ्याच्या कंबरेचा प्रश्न, आणि ही भिंतींचे रंग निवडणार. कशात काय अन् फाटक्यात पाय.

आणि खरंच रंगापासूनच सुरुवात केली तिनं. मिस्त्री ब्राहिमला बोलावलं आणि दोघं भिंतीवर नमुने फासत बसले. शेवटी मधाचा रंग ठरला. चुन्याचा गिलावा केला, तो ओला असतानाच गुळगुळीत गोट्यानं घासला, वरून काळ्या साबणानं चोळला. बोट फिरवलं तर लोण्यावरून फिरल्यासारखं. जुनी चकचकीत फरशी उखडून हातानं पाडलेली, खरबरीत मातीची फरशी बसवली. मी म्हटलं, ही काय गोठ्यातली फरशी? निस्रीन नुसती हसली. दाराचा उंबरा काढून टाकला, दार बाहेर उघडेल असं लावलं. भिंतीतूनच एक बाक काढला, बसून न्हायला. साबणाला आणि केस धुवायच्या घासूल मातीला कोनाडे केले, त्यांच्या कडा गोल. अडगळीतून ह्यांनी तरुणपणी घडवलेला जाळीचा दिवा शोधला, तो घासूनपुसून छताला टांगला. दिवा लावला की भिंतीवर तीळ सांडल्यासारखा उजेड पडायचा. मला आवडलं, पण सुनेचं कौतुक एकदम करू नये.

मध्येच तिनं मला विचारलं, लल्ला, तुम्हाला काही हवंय का इथे? मी म्हटलं, मला काय धाड भरलीये? डावा गुडघा नमाजाआधी वजू करताना वाजतो, पाय धुवायला वर उचलला की कट् करतो. पण तो मी नळ मोठा सोडून भागवते. बाहेर ऐकू जात नाही. घरात एक आजारी पुरे.

सगळ्यात शेवटी आले टॉवेलचे दांडे. पितळेचे, आरशासारखे झळझळीत, एक नाही, तीन. एक कमोडशेजारी, एक बाकाजवळ, एक दाराकडे जाणाऱ्या भिंतीला. एका म्हाताऱ्याला तीन टॉवेल? वऱ्हाड उतरणार आहे का, असं विचारायला मी आत गेले, तर काय बघते, आमची शिकलेली सून बाकाजवळच्या दांड्याला लोंबकळत होती. दोन्ही पाय वर घेतलेले, केस तोंडावर, वाळत घातलेल्या सतरंजीसारखी. दांडा जागचा हलला नाही. मग ती उतरली आणि दुसऱ्याला लोंबकळली.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. खरबरीत फरशी, काढलेला उंबरा, बाहेर उघडणारं दार. कोनाड्याची गोल कडा बरोबर तळहात मावेल एवढी. ह्या खोलीत एकही वस्तू नुसती दिसायला नव्हती, आणि एकही वस्तू तसं सांगत नव्हती. मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मी म्हटलं, "पोरी, मी तुला उथळ समजत होते." ती म्हणाली, "समजा की. पण सीदींसमोर अवाक्षर काढू नका. हे टॉवेलचे दांडे आहेत. बस्स."

तिनं एकच चूक केली होती. दांडे आमच्या चौकातून न घेता शहराबाहेरच्या कारखान्यातून आणले होते, ह्यांना सुगावा लागू नये म्हणून. पण ज्यानं उभं आयुष्य पितळ ठोकण्यात घातलं, त्याच्यापासून पितळ लपवायचं? मांजरापासून मासळी लपवण्यातला प्रकार.

पहिल्यांदा हे आत गेले तेव्हा मी दाराला कान लावून उभी. पाण्याचा आवाज आला. मग नखानं दांडा वाजवल्याचा आवाज आला. पोकळ दांडा घणघणतो, हा ठक्क बोलला. भरीव. टॉवेल टांगायला कोण भरीव दांडा लावतं?   मग पुन्हा पाणी. बाहेर आले ते गुलाबी होऊन, स्वतःच्या पायांनी, उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा नीट न्हालेले. निस्रीनला म्हणाले, "खोली सुंदर केलीस, बेटा. राजाच्या घरीही अशी नसेल." दांड्यांबद्दल चकार शब्द नाही. निस्रीन आनंदात कासाब्लांकाला गेली. मी मात्र ह्यांना ओळखून होते.

आणि तसंच झालं. आठवड्याभरात एके सकाळी मी न्हाणीघरात गेले तर बाकाजवळचा दांडा गायब. भिंतीला नुसती भोकं. हेही घरात नव्हते, काठी टेकत कुठेतरी गेलेले. माझं डोकं असं फिरलं! चपला घातल्या आणि आधी गल्लीत खेचर बघून आले. तिथे जुना पांढराच दांडा. मग गुडघा कुरकुरत होता तशीच चौकाकडे निघाले, वाटेत मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

हे दुकानात होते. सगळा उन्हाळा बंद असलेल्या दुकानाची फळी उघडी, मांडीवर निस्रीनचा दांडा, हातात छिन्नी. ते काय करतायत, हे मी बघितलंच नाही. भर चौकात मी सुरू झाले. म्हटलं, "अहो, तुम्हाला मानानं मरायचंय की माझ्याबरोबर जगायचंय, ते एकदा सांगा. त्या पोरीनं तुमची लाज राखायला रजा घेतली, लोंबकळून बघितलं. तुम्ही पडलात तर कासाब्लांकाला मलाही जावं लागणार आहे. मी ह्या घरात नवरी म्हणून आले. मला नाही जायचं." आणि मला रडू फुटलं. शेजारच्या दुकानातले हातोडे थांबले. मला त्याचीही लाज वाटली नाही.

ह्यांनी छिन्नी खाली ठेवली. दांडा माझ्या हातात दिला. म्हणाले, "धर. ओल्या हातानं धर." शेजारच्या घंगाळात माझा हात बुडवला, वर साबण लावला. दांड्याचं एक टोक अजून झळझळीत होतं, तिथून माझा हात सुळकन सुटला. दुसऱ्या टोकाला त्यांनी डाळिंबाची वेल कोरली होती, पानं उठावाची, दाणे बारीक. तिथे मूठ घट्ट बसली.

"पोरगी हुशार आहे," ते म्हणाले. "पण पितळ चकचकीत ठेवलं की साबणाच्या हातातून निसटतं. तिन्ही करून देतो. तिला सांगू नकोस मला कळलं म्हणून. म्हणावं, म्हाताऱ्याला नक्षीची हौस आली."

मी डोळे पुसले. दोघंही एकमेकांची लाज राखत होते, आणि मध्ये मी एकटी चौकात बोंबलून आले होते.

एकेक करून तिन्ही दांडे गेले आणि वेलीसकट परत आले. ह्यांना दुकानात जाण्याची सवय पुन्हा लागली, दुपारी हातोड्यांत त्यांचा हातोडाही ओळखू यायला लागला. निस्रीनला फोटो पाठवला, तर तिनं फोनवर त्या वेलीचं इतकं कौतुक केलं, की शेवटी मलाच कळेना कोण कोणाला फसवतंय. अनसनं पाचव्या मजल्याचं नाव काढणं सोडलं.

मग परवा तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजाआधी मी वजूला आत गेले, तर बेसिनच्या बाजूला चौथा दांडा. आखूड, खाली बसवलेला, बरोबर माझ्या हाताच्या उंचीचा. ह्याच्यावर डाळिंबं नव्हती. आमच्या लग्नात ह्यांनी स्वतः घडवून आणलेल्या तबकावर जी मोगऱ्याची फुलं होती, तीच होती.

मी बाहेर येऊन विचारलं, हा कशाला?

"टॉवेलसाठी," ते म्हणाले.

"माझा टॉवेल तिकडे टांगलेला असतो."

ते चहाच्या पेल्यात पुदिना सारखा करत होते. मान वर न करता म्हणाले, "नळ मोठा सोडून गुडघा लपतो होय? पोकळ काय अन् भरीव काय, ते मला भिंतीआडूनही ऐकू येतं, बतूल."

 मी आत गेले, दार लोटलं. नळ बारीक सोडला. दांडा धरला आणि डावा पाय उचलला. गुडघा कट् वाजला. बाहेर चहा ओतल्याचा आवाज येत होता. मी पाय नीट, सावकाश धुतला.