ड्रम पॅडचा लाल टॅग

मी एक जुना ड्रम पॅड आहे. मित्रांनो, नावावर जाऊ नका. मला ना कातडं, ना पोकळी, ना आवाज. प्लास्टिकच्या पाटीवर रबराचे सोळा चौकोन, बस्स. बोटाने दाबलं की मी वायरीतून लॅपटॉपला एवढंच कळवतो : कुठे दाबलं आणि किती जोरात. ढोलकी, ताशा, हलगी सगळे त्या लॅपटॉपच्या पोटात. कौतुक त्यांचं होतं, बोटांचा मार मी खातो.

निगडीच्या एका मुलाने मला हौसेने घेतलं आणि परीक्षा जवळ आल्यावर विकलं. मग मी रोहिदासकडे आलो. रोहिदास मूळचा बीडकडचा. चाकणच्या एका कंपनीत तो लोखंडी भागांच्या कडा ग्राइंडरने घासतो. शिफ्टभर ग्राइंडर थरथरतो, त्याच्याबरोबर रोहिदासही. संध्याकाळी संत तुकाराम नगरातल्या खोलीत, पलंगावर लॅपटॉप मांडून, तो संगीतकार होतो.

माझे वैभवाचे दिवस म्हणजे दादासाहेबांचा वाढदिवस. दादासाहेब गेली कित्येक वर्षं भावी नगरसेवक आहेत. माझ्यावर एक बटण आहे. ते दाबलं की कसंही वाजवा, प्रत्येक ठोका सारखाच मोठा. रोहिदासने केलेल्या त्यांच्या वाढदिवसाच्या गाण्याला तेवढं पुरलं. चौकात स्पीकरची भिंत उभी राहिली, दुकानांची शटरं थरथरली. दादासाहेब म्हणाले, "अजून जरा दणका पाहिजे होता, राव." आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

मग रोहिदासच्या बायकोच्या, नीलाच्या, बहिणीला मुलगी झाली. बारशाला नीला पाळणा म्हणणार होती.

"मागे ढोलकी हवी," ती म्हणाली, "पण बाळ दचकेल अशी नको. ते दादासाहेबांचं बटण बंद ठेवा."

बटण बंद झालं. रोहिदासने हलकी थाप दिली. मी काही कळवलं नाही, कारण बोट टेकलंच नव्हतं. दुसरी दिली, तर पाळणा उलटावा असा धडाका.

"पॅड गेलाय," रोहिदास म्हणाला. त्याने मला उघडून रबराखाली चिकटपट्टीचे थर लावले. फरक शून्य. शेवटी कंपनीत बाद मालाला बांधतात तसा लाल टॅग त्याने माझ्या वायरीला बांधला. लाल टॅग लागलेला माल पुढे जात नाही. मला वाईट वाटलं नाही. मी दाब मोजतो. वाटून घ्यायची सोय माझ्यात दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी रोहिदासचा मित्र प्रीतम आला. हा खरी ढोलकी वाजवतो, जवळच्या जुन्या गावातला.

"काय भावा, ह्याला फाशी का दिली?"

"हलका हात घेईना गेलाय."

"बघू." प्रीतमने दोन बोटं नुसती फिरवली. पलीकडच्या घरात कुणी भाकरी थापतंय, अशी ढोलकी उमटली. "ह्यो तर ठणठणीत हाय की!"

नीलाने रोहिदासच्या बोटांकडे पाहिलं.

"सकाळी चहाचा ग्लास सरळ मुठीत धरता," नीला हळूच म्हणाली. "तोच मी पदराने उचलते."

"सवय हाय."

तिने त्याचं बोट माझ्यावर ठेवलं, वर आपलं ठेवलं आणि अलगद दाबलं. चौकोनाखालचा दिवा पेटला.

"जाणवलं?"

"पेटला की दिवा."

"दिव्याचं नाही विचारलं मी."

मित्रांनो, आत्मकथेत इथे वस्तूने स्वतःसाठी काळजी मागायची पद्धत आहे. माझी घेतली जाते, माझ्यावर रोज रुमाल पडतो. कंपनीतल्या ग्राइंडरलाही दर शनिवारी तेल मिळतं. म्हणून माझं मागणं निराळं आहे. तुमच्या घरात कुणी दिवसभर थरथरतं यंत्र धरत असेल, तर गरम ग्लास देताना विचारा, चटका बसतो का. 'नाही' म्हणाले, तर कौतुक करू नका. डॉक्टरकडे न्या.

बारशाला माझ्यावर प्रीतमने वाजवलं. बाळ झोपलं. माझा टॅग मात्र त्याआधी, सकाळीच, रोहिदासने सोडला होता. गाठ बोटांना सापडेना, म्हणून दातांनी सोडली. मग तो टॅग हातात धरून उभा राहिला. आता तो कुठे बांधायचा, हे त्याला ठरवता येईना.