क्रमांक एकशे अठरा

बायकोने मरण्याआधी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती अवघड असेल असं निवृत्त पाळकाला वाटलं नव्हतं. थोरल्याशेजारी पुरायचं, एवढंच.

थोरला म्हणजे त्यांचा पहिला मुलगा. अकरा महिन्यांचा असताना गेला, त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. पाळकाची ती तिसरी नेमणूक होती. त्या गावच्या चर्चमागे दफनभूमी होती आणि तिच्या पूर्वेकडच्या भिंतीलगत त्याला ठेवलं होतं. तापाची साथ होती. बायको त्याच तापाने इस्पितळात पडलेली, तिला दोन दिवस कोणी काही सांगितलं नाही. आता तिच्या यकृतात गाठी होत्या. डॉक्टर बोलताना महिने म्हणत नव्हते, आठवडे म्हणत होते. एका सकाळी गोळी गिळून झाल्यावर, बाजारातून काही आणायचं राहिलंय हे सांगावं तशा आवाजात तिने आपली मागणी सांगितली आणि पेला परत दिला.

मेथडिस्ट पाळकाला स्वतःचं गाव नसतं. बिशप वार्षिक परिषदेत यादी वाचतात आणि आपल्या नावापुढे जे गाव येईल तिथे महिन्याभरात बिऱ्हाड हलवायचं. या दोघांनी अडतीस वर्षांत नऊ पाळकनिवास पाहिले. प्रत्येक ठिकाणी आधीच्या पाळकीणबाईंनी भिंतीत मारलेले खिळे असायचे आणि त्यांच्याच अंदाजाने आपले फोटो लावावे लागायचे. बायको म्हणायची, आपल्या कपाटाचे पाय काढून चाकं बसवा, तेवढीच हमाली वाचेल. शेवटच्या नेमणुकीची किल्ली परत दिली त्या दिवशी दोघांकडे राहायला घर नव्हतं. शाळेत गणित शिकवणाऱ्या मुलीने मागच्या दोन खोल्या रिकाम्या करून दिल्या. गेली अकरा वर्षं ती दोघं तिथेच होती.

बदलीइतकाच जुना आणखी एक दंडक होता. सोडलेल्या मंडळीत, म्हणजे आधीच्या चर्चमध्ये, परत पाऊल टाकायचं नाही. जुना पाळक दिसला की लोक गाऱ्हाणी घेऊन त्याच्याभोवती जमतात आणि नव्याची पंचाईत होते. काही पाळक हे सोयीने पाळत. हा अक्षरशः पाळायचा. बायकोने तीन वेळा म्हटलं होतं की एकदा थोरल्याला बघून येऊ. तिन्ही वेळा त्याने नव्या पाळकाची अडचण समजावून सांगितली. चौथ्यांदा तिने विचारलं नाही.

आता मात्र कामच तसं होतं. त्याने तिथल्या पाळकाला फोन करून रीतसर परवानगी घेतली आणि मंगळवारी सकाळच्या बसने निघाला. चार तासांचा रस्ता. पाळकाची पांढरी कॉलर त्याने मुद्दाम घातली नाही.

तिथला पाळक तिशीतला, बोलण्यात अदबशीर. त्याने आपली खुर्ची सोडून समोरच्या बाकड्यावर बसून घेतलं, चहा मागवला, घशाला बरं नसल्याने आवाज बसलाय म्हणून माफी मागितली. नियम त्याने आधीच सांगून टाकला. दफनभूमी सहा वर्षांपूर्वी भरली. नवी कबर आता खणत नाहीत. पण ज्यांचं घरचं कोणी आधीच तिथे आहे त्यांना त्याच कबरीत, वरच्या अंगाला जागा देतात. तुमचा मुलगा आहे म्हणजे प्रश्नच नाही, सर, असं म्हणत तो कपाटाकडे गेला. फक्त नोंद काढायची.

नोंदींच्या बाबतीत म्हाताऱ्या पाळकाचा लौकिक होता. चर्चच्या वह्या तपासणारे सुपरिंटेंडंट त्याच्या वह्या इतरांना नमुना म्हणून दाखवत. हाताखालच्या नवशिक्यांना तो बजावायचा की माणूस पुरून आलात की पाय धुवायच्या आधी लिहा. दुसऱ्या दिवशी तारीख चुकते, तिसऱ्या दिवशी नाव. ज्याने दफनविधी केला त्यानेच आपल्या अक्षरात लिहायचं, हाही नियम.

थोरल्याचा विधी त्यानेच केला होता. शेजारच्या गावचा पाळक यायचा होता, त्याची गाडी वाटेत बिघडली आणि साथीच्या दिवसांत थांबता येण्यासारखं नव्हतं. परत येऊन तो पाय न धुताच टेबलाशी बसला होता. त्याने अनुक्रमांक घातला, तारीख घातली. पुढच्या रकान्यात नाव लिहायचं होतं आणि तिथे हात चालेना. उद्या लिहू म्हणून त्याने वही मिटली. हे त्याला लख्ख आठवत होतं. बदली होण्याआधी कधीतरी आपण ती ओळ पुरी केली, हेही त्याला तितकंच लख्ख आठवत होतं. शाई कोणती होती, तेसुद्धा तो सांगू शकला असता.

वही उघडली. एकशे सतरा, मग एकशे अठरा. अनुक्रमांक आणि तारीख त्याच्या अक्षरात. पुढचे पाच रकाने कोरे, आणि त्यांच्यावरून पट्टी लावून ओढलेली लाल रेघ. रेघेवर दुसऱ्या कोणाच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘क्रमांक चुकून पडला. दफन झालेले नाही.’ खाली सही आणि छत्तीस वर्षांपूर्वीची तारीख. कोणा पाळकाने तपासणीच्या आधी वही नीट करून ठेवली होती. त्याचं काही चुकलं होतं असं म्हणता येत नव्हतं.

एकशे एकोणीसपासून पुन्हा म्हाताऱ्याचंच अक्षर होतं. त्या कोऱ्या ओळीच्या खाली, दीड वर्षात, त्याने अकरा माणसं व्यवस्थित लिहिली होती.

तरुण पाळकाने बाप्तिस्म्याची वही काढली. तिथे मुलाचं नाव होतं, आईबापांची नावं होती, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही होती. मग सभासदांची जुनी यादी काढली. मुलाच्या नावापुढे शेरा होता : पालकांसह स्थलांतरित.

“म्हणजे आमच्या कागदांप्रमाणे तो...” तरुण पाळक म्हणाला.

“चव्वेचाळीस वर्षांचा आहे,” म्हाताऱ्याने वाक्य पुरं केलं.

दोघं मागे गेले. भिंत जिथे काटकोनात वळते तिथून सात पावलं, पाणी जायच्या भोकासमोर. ती जागा त्याने डोळे मिटून दाखवली असती. चार विटा आणि लाकडी क्रूस होता तेव्हा. दगड पुढच्या वर्षी बसवू म्हणता म्हणता बदली आली होती. आता तिथे काळा गुळगुळीत दगड होता. पंचवीस वर्षांपूर्वी चर्चच्या कमिटीने दफनभूमीचा वहीबरहुकूम नकाशा केला, वहीत नाही ती जमीन मोकळी धरली आणि ती एका शिंप्याला मिळाली. दगडावर शिंप्याचं नाव होतं आणि खाली, ताज्या अक्षरांत, तीन वर्षांपूर्वी गेलेल्या त्याच्या बायकोचं. काचेच्या बरणीत कालपरवाची फुलं होती. दोन्ही बाजूंना हात घालायलाही जागा नव्हती.

तरुण पाळकाने मान खाली घालून सांगितलं की शिंप्याचा मुलगा सध्या कमिटीचा सचिव आहे, भला माणूस आहे, दर रविवारी उपासना सुटली की इथे येतो. उशिरा का होईना, मुलाची नोंद करता येईल. पण ठिकाणाच्या रकान्यात काय लिहायचं, आणि ते त्या माणसाने वाचलं तर त्याला काय सांगायचं?

“काही लिहू नका,” म्हातारा म्हणाला. “मी तुमच्या जागी असतो तर मीही असाच चाचरत बोललो असतो, आणि शेवटी हेच सांगितलं असतं.”

तरुण पाळकाने प्रार्थना करू या का म्हणून विचारलं. म्हाताऱ्याने बस चुकेल असं कारण दिलं. बसला अजून दीड तास होता. तो तेवढा वेळ स्थानकावर बसून राहिला.

घरी मुलगी दार उघडून उभीच होती. आई जागी आहे, सकाळपासून विचारतेय, असं तिने दबक्या आवाजात सांगितलं. त्याने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रकाने आणि रेघेसकट. मुलगी भावाला कधी भेटलेली नव्हती. तो गेल्यावर पाच वर्षांनी तिचा जन्म. तिने ऐकून घेतलं आणि गॅस बंद केला.

“तिला हो म्हणून सांगा.”

त्याने नकारार्थी मान हलवली. आजवर तिच्याशी खोटं बोललेलो नाही, असं काहीतरी तो पुटपुटला.

“बाबा, जन्मभर मरणाऱ्यांच्या उशाशी बसून सांगत आलात की तुमची जागा तयार आहे. बघून आला होतात का? आज घरच्या माणसाला तेवढं सांगताना तुमची जीभ का अडतेय?”

तो खोलीत गेला. बायकोला उशी लावून बसवलं होतं, तिचे केस मुलीने विंचरून दिले होते. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला की जागा मिळाली.

तिने विचारलं, कुठे. त्याने सांगितलं की थोरल्याशेजारीच, भिंतीकडे. तिथला पाळक सज्जन आहे, कमिटीची काही हरकत नाही.

“त्यांना कसं कळलं तो कुठे आहे ते?”

“नोंद आहे ना.”

तिने त्याच्याकडे बघितलं. रागाने नव्हे. सहावी-सातवीतल्या मुलाने पाठ न करता धडा म्हणायला उभं राहावं, तेव्हा बघतात तसं.

“नोंद नाहीये, अहो.”

मग तिने सांगितलं, मध्ये मध्ये दम घेत. तिथल्या ऑफिसची धूळ सोमवारी तीच झटकायची. इस्पितळातून आल्यावर पहिल्याच सोमवारी तिने वही उघडली होती. तिला फक्त त्याचं नाव बघायचं होतं. नंबर होता, तारीख होती. तिला वाटलं, जमेल तेव्हा लिहितील. मग दर सोमवारी ती तेच पान उघडायची. खाली नवी नावं यायची, वरची ओळ तशीच. एकदा तिने स्वतः पेन उचललं. पण विधी करणाऱ्याचंच अक्षर लागतं हे तिला माहीत होतं, म्हणून खाली ठेवलं. सांगावं असंही कितीदा मनात आलं, पण सांगून लिहिलं तर ते तिच्यासाठी लिहिल्यासारखं झालं असतं. शेवटचं पाहिलं ते सामान ट्रकवर चढत असताना.

“मला वाटलं, मला तिथे नेलंत की त्या निमित्ताने तरी त्याचं लिहाल.”

त्याने खुर्ची पुढे ओढली, पुन्हा होती तिथे नेली. मग शिंप्याचं सांगितलं, शिंप्याच्या बायकोचं सांगितलं. दगड काळा आहे आणि स्वच्छ आहे हेही सांगितलं, जसा काही त्याचा उपयोग होता.

तिने एकच प्रश्न विचारला. “त्याला किती खोल ठेवलं होतंत?”

लहान मुलाची कबर किती खोल खणतात आणि मोठ्या माणसाची किती, हे नऊ मंडळ्यांमध्ये वावरलेल्या पाळकाच्या बायकोला सांगावं लागत नाही. शिंप्यासाठी खणताना फावडं कुठून गेलं असेल हे तिला त्याच्यासारखंच कळलं होतं. तिने हाताने पडदा ओढायची खूण केली. त्याने पडदा ओढला.

त्यानंतर ती एकोणीस दिवस जगली. तिने अबोला धरला असं नाही. पाणी द्या, कूस बदला, खिडकी लावा, असं ती सांगायची आणि तो करायचा. त्याने दोनदा तिच्याजवळ बसून माफी मागितली. पहिल्यांदा ती बरं म्हणाली. दुसऱ्यांदा तिचा डोळा लागला होता, किंवा लागल्यासारखा होता. त्याने पूर्वी शेकडो घरांत अशा वेळी वाचलेले उतारे उघडले आणि पहिल्या ओळीनंतर मिटले. चर्चमधून भेटायला येणाऱ्या बायका त्याला म्हणत, पाळकसाहेब, तुम्ही आहात म्हणजे त्यांना केवढा आधार. तो त्यांना खुर्च्या द्यायचा.

इथल्या शहराच्या दफनभूमीत ओळीने जागा देत होते. आधी कळवलं तर दोन शेजारशेजारच्या मिळत. मुलीने ते फॉर्म आणले. एक आईची, आणि दुसरी वडिलांसाठी राखून ठेवायची का, हे तिने त्याला विचारलं. आईला विचार, असं तो म्हणाला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. दार उघडंच होतं.

मुलीने विचारलं.

“त्यांचं काय,” आतून आवाज आला, दमलेला पण स्पष्ट, “त्यांना बदलीची सवय आहे. मिळेल तिथे राहतील.”

मुलगी हसली नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली, आई आणखी काही म्हणतेय का म्हणून. मग बाहेर येऊन टेबलावर फॉर्म पसरला आणि पेन वडिलांपुढे धरलं. त्याने ते घेतलं नाही. शेवटी तिनेच आईचं नाव लिहिलं, आणि जागांच्या रकान्यात एक असा आकडा घातला.