डंकावरची कॉफी

कडेगावात चहाला नको म्हणणारा माणूस एकच, सुभेदार लालासाहेब. पलटणीतल्या, कर्नाटकातल्या कोडगूच्या जोडीदारानं त्यांना कॉफीची चटक लावली आणि निवृत्तीनंतरही तोच दरसाल भाजलेल्या बियांची पिशवी पाठवायचा. रोज सकाळी लालासाहेब हातयंत्राची दांडी फिरवून मूठभर बिया दळायचे, पितळी फिल्टरात गरम पाणी ओतायचे आणि थेंब थेंब गळणाऱ्या कॉफीवर पहारा देत बसायचे. त्या कडू पाण्याचं त्यांच्या बायकोला, बनुबाईंना, कौतुक नव्हतं. पण वास घरभर झाला की दिवस मार्गी लागला असं त्यांना वाटायचं. नवऱ्यापुढं मात्र हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

पौषात सुभेदारांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, हात चालवाल तरच चालेल. चालवतंय कोण! डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू सुभेदारांनी परड्यात भिरकावला आणि भिंतीकडं तोंड केलं. सीमेवर न डगमगलेला गडी खाटेवर हरतो म्हणजे काय? काही झालं तरी याला उठवायचाच, आणि सुरुवात कॉफीनं करायची, असं बनुबाईंनी मनाशी ठरवलं.

यंत्राला कुणी हात लावलेला सुभेदारांना खपत नसे. चटणी कुटायचे दिवस होते. बनुबाई मिरच्यांसोबत पिशवीतल्या अर्ध्या बियाही घेऊन गावातल्या मिरच्या कुटायच्या गिरणीवर, डंकावर गेल्या. डंकवाल्या नानासोनं उखळ दोनदा पुसलं.

"वैनी, आता मिरचीचं नावबी न्हाई बगा," तो म्हणाला आणि बिया कुटून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी पहिला घोट घेतला आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा.

"आगं, ही कॉफी हाय का कांदा-लसणाची चटणी?"

"डंकावर कुटून आनली."

"डंकावर? आन ते यंत्र हिकडं!"

तीन महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. बनुबाईंनी धावत यंत्र आणलं. सुभेदारांनी ते गुडघ्यांत दाबलं, उजवा हात दांडीवर ठेवला. बोटं घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. बनुबाई पुढं झाल्या.

"हात लावू नगं!"

त्या जागीच थांबल्या, पदर तोंडाशी धरून. सुभेदारांनी उजव्या हातावर डावा दाबला आणि दात-ओठ खाऊन दांडी ओढली. कर्र! चार बिया फुटल्या. तो ओळखीचा वास नाकात शिरला आणि बनुबाईंना रडू आवरेना. अर्ध्या कपापुरती पूड व्हायला दुपार झाली.

ठसक्याची गोष्ट कानावर गेली तसा चार दिवसांनी नानासो ओशाळून दारात आला. "वैनी, चुकलं माजं. डंक धुऊन काढलाय. उरलेल्या बिया द्या, फुकट कुटून देतो."

आतून आवाज आला. कर्र. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कर्र.

"नगं भावजी," बनुबाई म्हणाल्या, "आमच्यात दळणारा हाय."