चेअरमनांचा वानवळा

आमचे हे पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि घरामागच्या परड्याचे सुभेदार झाले. त्या उन्हाळ्यात कराडजवळच्या आमच्या गावात विहिरींनी तळ गाठला होता, तरी आमची गवार, भेंडी, दोडकी हिरवीगार. आंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं सगळं पाणी मी कळशीनं आळ्यांत ओतत होते. हे काठी टेकून 'इकडं ओत, तिकडं ओत' करत उभे. आणि पारावर जाऊन सांगायचे, "चव्वेचाळीस अंश उन्हात बाग फुलवली गड्या!" फुलवली म्हणे! वाकायचं म्हटलं की यांच्या कमरेत उसण भरायची.

आमची बनू पहिल्या बाळंतपणाला आली होती. पोरीच्या तोंडाची चवच गेलेली. डाळ नको, पिठलं नको, अर्ध्या भाकरीवर उठायची. एक दिवस परड्यात फिरून आली आणि म्हणाली, "आई, कवळी गवार कर की दाण्याचं कूट घालून. तेवढी खाईन बघ." पोरीनं तोंडानं काहीतरी मागितलं, मला भरूनच आलं. दोघींनी मिळून गवार, भेंडी, दोडकी असा पाटीभर तोडा काढला. गवारीच्या शेंगा तर बनूनंच एकेक बघून खुडल्या.

तेवढ्यात हे आले. "थांबा! पैला तोडा चेअरमनसाहेबांकडं जायाचा. वानवळा हाय त्यो."

नव्या पिकातलं थोडं जिवाभावाच्या माणसांना पोचवावं, ही रीत मला कुणी शिकवायला नको. पण साखर कारखान्याच्या चेअरमनांचा आणि आमचा कसला जिव्हाळा? बरं, यांचं काही काम अडलं होतं म्हणाल, तर तेही नाही. मोठ्या माणसानं चारचौघांत नावानं हाक मारावी, एवढ्यासाठी जीव टांगणीला.

"आवं, पोरगी दोन जिवांची हाय. मूठभर तरी ठिवा."

"म्होरल्या तोड्याला खाईल की! पाटी भरल्याली दिसाय नको व्हय?"

इस्त्रीचा सदरा घालून, पाटी सायकलला बांधून गेलेसुद्धा. बनूनं पिठलं चिवडलं आणि ताट सारलं. मला असा संताप आला!

तिसऱ्या दिवशी दारात जीप थांबली. चेअरमनांच्या ड्रायव्हरनं आमची पाटी ओट्यावर ठेवली, वर फडकं झाकलेलं. दुसऱ्याची पाटी रिकामी परत करू नये, हे मोठ्या घरांनाही कळतं. यांना आकाश ठेंगणं झालं. पाटी उचलून आधी पारावर. तिथं नाथाजीला, आकारामला, सगळ्यांना शेंग न् शेंग दाखवून झाली, मग घरी आले आणि बनूपुढं ठेवली.

"खा पोरी! साहेबांच्या मळ्यातली गवार."

बनूनं एक दोडका उचलून उलटासुलटा केला. पोटावर तारेचा खोल वळ. "आबा, ह्यो आपल्या कुंपणात अडकल्याला दोडका. आन ही गवार मीच खुडल्याली."

आमचीच होती. चेअरमनांच्या ओसरीत वानवळ्यांच्या ढिगात पाटी तशीच पडून राहिली असणार; भेंडी काळवंडली होती, शेंगा सुकल्या होत्या. कुणी हातही लावला नव्हता. मला हसू आवरेना.

"गप बसा! साहेबांच्या मळ्याला बी तारा हायत्या," हे गरजले. "आन त्या मालाची सर आपल्या परड्याला जन्मात यायची न्हाई!"

"बरं," म्हटलं.

हे परत पारावर गेल्यावर आम्ही परड्यात शिरलो. दोन दिवसांत नवी गवार लागली होती. सगळी खुडली. दाण्याचं कूट, लसूण, गुळाचा खडा. वासानंच बनू चुलीपाशी येऊन बसली. दुसऱ्या कढईत चेअरमनांची.

जेवताना यांच्या ताटात चेअरमनांची वाढली. यांची नजर बनूच्या ताटावर.

"ती कसली?"

"ती आपल्या परड्यातली. तुमास्नी न्हाई आवडायची."

मागावी तर आपलंच बोलणं गिळावं लागणार. हवालदारांनी मान खाली घातली आणि वातड झालेल्या गवारीच्या शिरा चघळत राहिले. बनूनं तिसऱ्यांदा ताट पुढं केलं.