धडधाकट पोरगा सूट घालून वर बसला

लोर्न पासिचनिकला त्या सकाळी कशाकशाचा म्हणून कंटाळा आला होता! उणे चौतीसच्या थंडीत कण्हत सुरू होणाऱ्या गाडीचा, रिंकमागच्या ऑफिसातल्या खडखडणाऱ्या हीटरचा, आणि सगळ्यात जास्त टेबलावरच्या फोनचा. बावीस वर्षं तो पेलिकन बेंड गावाच्या आइस हॉकी संघाचा मॅनेजर होता. सोळा ते वीस वर्षांची पोरं, एकवीसची झाली की बाहेर. कोण घ्यायचा, कोण द्यायचा, हे ठरवायचं काम त्याचं. आज दुपारी दोन वाजता खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत होती. त्यानंतर वसंतापर्यंत जो हातात तोच आपला.

फोन वाजला. पलीकडे संघ चालवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष रसेल होवात.

"झालं का?"

"नाही."

"अरे मग बसून काय अंडी उबवतोयस? स्टोनी फोर्डवाले व्हिटॉक द्यायला तयार आहेत. व्हिटॉक! लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचे. एकतीस वर्षं कप नाही ह्या गावात."

"तो वीसचा आहे, रसेल. मे महिन्यात जाईल. त्याच्यासाठी कोल्बी द्यायचा, वर दोन वर्षं नवी पोरं निवडतानाची आपली पहिल्या फेरीची पाळी. कोल्बी सतराचा. अजून तीन वर्षं आपला, आणि खर्च काय त्याचा? हातखर्च आणि माझ्या बहिणीच्या घरचं जेवण. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं?"

"तीन वर्षांनी मी असेन का? माझी बायपास झालीय."

"तुझ्या बायपाससाठी पोरगं विकू?"

"नाही विकलंस तर वसंतात तुझी खुर्ची दुसऱ्याला," रसेल म्हणाला आणि फोन ठेवला.

खुर्चीचं लोर्नला फारसं काही वाटलं नाही. खुर्चीनेही त्याची पाठ धरलीच होती. त्याला काळजी होती ती कोल्बी रेम्पेलची. हे पोरगं त्याने तेरा वर्षांचं असताना बघितलं, चाळीस घरांच्या एका खेड्यात, गोठलेल्या तळ्यावर, थोरल्या भावाचे बूट घालून खेळताना. मग त्याच्या घरी गेला. आई अगाथा, नवरा गेलेला, तोंडाने फटकळ. "माझा मुलगा म्हणजे काय बटाट्याचं पोतं आहे? आज ह्या गाडीत, उद्या त्या गाडीत?" तिने विचारलं होतं. आणि बावीस वर्षांत कोणत्याही आईला न दिलेला शब्द लोर्नने तिला दिला: विसाचा होईपर्यंत तुझा मुलगा माझ्याकडेच राहील. का दिला देव जाणे. पोरगं होतंच तसं.

आणि तरी काल त्याने घोळ घातलाच.

काल संध्याकाळी सामन्याआधी कोचने विचारलं, "कोल्बीला खेळवू?" लोर्न म्हणाला, "नको. ठरलं काहीच नाही अजून, पण नको." मनगट मोडलं, गुडघा गेला, तर व्यवहार बोंबलला. मुदतीच्या आठवड्यात सगळेच मॅनेजर असं करतात. पण ह्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं की जानेवारीत धडधाकट खेळाडू सूट घालून वर प्रेक्षकांत बसला, म्हणजे त्याची बॅग भरली. दुसऱ्या मध्यंतरापर्यंत निम्मं गाव कोल्बीशी हात मिळवून गेलं. पोस्टातल्या बाईने हातमोजे विणून ठेवले होते, ते घाईघाईने घरून आणून दिले. लोर्नने हे सगळं समोरच्या बाजूने पाहिलं आणि मान फिरवली.

साडेबारा वाजले. लोर्नने कॉफी ओतली, ती न पिताच फोन उचलला आणि स्टोनी फोर्डच्या मॅनेजरला, स्टॅन फेडोराकला लावला.

"स्टॅन, नाही जमत. पोरगा देत नाही मी."

"वेडा झालास काय रे? व्हिटॉकसाठी दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे माझ्या. नंतर रडत येऊ नकोस."

"नाही येणार."

फोन ठेवला आणि लोर्नला कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. रसेलला कळवलं, त्याच्या शिव्या शेवटपर्यंत ऐकल्या, टोपी घातली आणि बहिणीकडे निघाला.

बहीण म्हणजे वेरा. लांबून आलेली संघातली पोरं गावातल्या घरांत राहतात, तशी वेराकडे पंधरा वर्षं कोणी ना कोणी राहत आलेलं. कोल्बी दोन वर्षं तिच्याकडे होता. ओसरीत त्याच्या दोन बॅगा उभ्या होत्या, वर हॉकीच्या काठ्यांचा जुडगा. वेरा ओट्याशी सँडविच बांधत होती. शेजारी रेडिओ पुटपुटत होता.

"आलास?" ती मागे न वळता म्हणाली. "तुलाही दोन बांधू, की पोरं पोचवून आल्यावर तुझी भूक मरते?"

"कोणी कुठे जात नाहीये. नाही म्हणून सांगितलं मी त्यांना."

वेराचा हात थांबला. "खरं?"

"खरं म्हणजे खरं."

"देवा रे! कोल्बी! अरे कोल्बी, खाली ये!"

कोल्बी आला. कोट अंगात, केस ओले. लोर्नने मोठ्या उत्साहाने सांगितलं, "राहतोयस तू इथेच. बॅगा वर ने."

पोराने बॅगांकडे पाहिलं नाही. "व्हिटॉक?"

"येत नाही."

"मुलांना सांगितलं?"

"कळेल ना. आनंदच होईल त्यांना."

"नाही होणार, सर." कोल्बी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. "काल सामना संपल्यावर मी सगळ्यांना भेटून घेतलं. दोघं-तिघं रडले. मग मी बूट विसरलो म्हणून परत गेलो. ते टाळ्या वाजवत होते. व्हिटॉक येतोय म्हणून. मी दारात होतो."

वेरा हळूच म्हणाली, "मला नाही बोललास हे."

"उद्या मी आत गेलो की त्यांना मी दिसणार नाही. व्हिटॉक आला नाही, एवढंच दिसणार. प्रत्येक हरलेल्या सामन्याला माझ्याकडे बघतील. मला पाठवा."

"चार दिवसांत विसरतील रे! पोरं आहेत ती!"

"मी नाही विसरणार."

लोर्न चिडला. थकलेला माणूस चिडतो तसा, स्वतःवरच. "तुझ्यासाठी खुर्ची सोडली मी! तुझ्या आईला शब्द दिला होता, तो पाळला!"

"आज पाळलात," कोल्बी म्हणाला. "काल नव्हता पाळला."

लोर्नने बहिणीकडे पाहिलं, ती तरी पोराला समजावेल म्हणून. वेराने एप्रनला हात पुसले.

"माझ्याकडे काय बघतोस? मला तो हवाच आहे इथे. पण त्याचा चेहरा बघ, लोर्न."

लोर्नने बघितला. मग भिंतीवरचा फोन घेतला. दीड वाजत आला होता.

"बघ, आलास की नाही रडत," स्टॅन म्हणाला. "व्हिटॉक गेला रे. दहा मिनिटं झाली."

"व्हिटॉक नको. पोरगा घे."

"काय?" स्टॅनचं डोकं चालायला लागलेलं लोर्नला जवळजवळ ऐकू आलं. "अडलेला दिसतोस. नवी पोरं निवडतानाची तिसऱ्या फेरीतली एक पाळी देतो. पुढच्या वर्षीची."

सकाळी ज्याच्यासाठी लीगमधला सगळ्यात मोठा खेळाडू मिळत होता, त्याला आता तिसरी फेरी! तेलही गेलं, तूपही गेलं. गाव लोर्नला ह्या जन्मात माफ करणार नव्हतं.

"दे," लोर्न म्हणाला. "पण घर बरं दे त्याला. जिथे पोरांना मोजून वाढतात तिथे ठेवू नकोस."

"माझ्याच घरी ठेवतो. अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर माणूस पाठवतो चारला."

लोर्नने कोल्बीला सांगितलं. पोरगं उठलं, वेराच्या गळ्यात पडलं, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू एकदाचं फुटलं. लोर्न ओसरीतल्या बॅगांकडे बघत उभा राहिला. त्यालाही रडावंसं वाटलं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

"आईला मी सांगतो," कोल्बी नाक पुसत म्हणाला.

"नाही. शब्द मी दिला होता."

त्याने नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला अगाथाने उचलला.

"लोर्न? तुम्हीच ना? अहो, आत्ताच रेडिओवर सांगितलं, व्यवहार मोडला म्हणून! रात्रभर डोळा नाही लागला माझा. काल सूट घालून वर बसवलाय म्हणून कळलं, आणि मी तुम्हाला काय काय बोलले मनातल्या मनात! माफ करा हो मला. शेजारणीला आत्ता तेच सांगत होते, लोर्न शब्दाचा पक्का माणूस."

वेराने रेडिओ बंद केला.

"अगाथा," लोर्न म्हणाला, "जरा खाली बस."