मुकादमाचा ठोसा

मी एक जुने इस्त्रीचे टेबल आहे. मित्रांनो, माझ्यासारख्याने आपली कथा सांगावी की नाही, याची मला शंकाच आहे. एका सुताराने मला जाड फळ्यांचे बनवले. मग मी लाँड्रीत आले आणि माझ्यावर घोंगडी अंथरली गेली. दोन जावा माझ्यावर इस्त्री करत.

धाकटीला दिवस गेले. पुढे तिचे पोट माझ्या काठाला टेकू लागले. ती दम खायला थांबली, की आतून ठोसा बसे. तो मलाही कळे.

"जरा थांबू देत नाही लबाड!" ती हसे. थोरलीने बाळाचे नावच 'मुकादम' ठेवले.

नववा महिना लागला. एका दुपारी धाकटी थांबली. मी ठोशाची वाट पाहिली. काहीच नाही. ती पाणी पिऊन बाकावर पडली, पोटावर हात ठेवला. पुन्हा येऊन मला टेकली. तरीही नाही.

"ताई, सकाळपासून हा गप्प आहे."

"अगं, शेवटी शेवटी जागा कुठे उरते हलायला? एवढ्या चादरी उरकू, मग बघू."

धाकटीने अर्धी चादर केली. मग तिने पुन्हा पोट चाचपले. मला वाचा असती तर मी ओरडले असते!

"नाही ताई. नर्सबाईंनी बजावलंय, हालचाल कमी वाटली तर लगेच यायचं."

"आणि काही नसलं तर?"

"तर चिडवा मला जन्मभर!"

इस्त्री तशीच आडवी राहिली. धाकटीच्या नवऱ्याने कपडे पोचवायची व्हॅन काढली. तिला बसवून थोरली परतली, तोवर चादर, घोंगडी आणि मीही जळत होते. तिने बटण बंद केले, पाणी ओतले आणि माझ्यावर डोके टेकले. "मीच म्हटलं, उरकू," ती पुटपुटत राहिली.

किती वेळाने कोण जाणे, थोरलीचा फोन वाजला.

"ठोके मंदावले होते? ऑपरेशन? ... रडतंय ना पण? ऐकव मला!"

ते रडणे ऐकताना थोरली स्वतःच रडू लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "मुकादम कसला, मुकादमीण आहे!"

आज ती मुकादमीण माझ्यावर बसून पाय हलवते. तिच्या टाचा माझ्या पायाला लागतात. मित्रांनो, नवे टेबल आले, की मला खुशाल काढा. पण एखादी आई म्हणाली, "आज बाळ नेहमीसारखं हलत नाही," तर तिला थांबवू नका. चादर जळाली तर जळू द्या.