उसवला

"काकू, डोकं फिरलंय," दातांचे डॉक्टर दारातूनच म्हणाले.

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाचं?"

"हिचं." डॉक्टरांनी काकांकडून जोडून घेतलेली आपली गोल्फची काठी पुढे केली. तिचं लोखंडी डोकं चिमटीत धरून पिळलं, तर ते मानेपाशी कणभर फिरलं. "दुखऱ्या दाढेसारखं हलतंय बघा. काका आता नाहीत, बोलू नये. पण शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरत असणार. वयच होतं. चालायचंच."

ते 'चालायचंच' काकूंना झोंबलं. पाण्याचे मीटर दुरुस्त करण्यात हयात घालवलेला त्यांचा नवरा आयुष्यात एकदाही गोल्फ खेळला नव्हता. कुणाची तरी मोडकी काठी हौसेने जोडून दिली आणि मग ते वेड निवृत्तीनंतरही सुटलं नाही. दुसरा कुणी चुकला असं म्हटलेलं काकूंनी ऐकून घेतलं असतं, पण यांचा हात? यांचा हात म्हणजे दगडावरची रेघ.

"ठोकून बघू," त्या म्हणाल्या आणि किल्ली घ्यायला वळल्या.

स्वयंपाकघराला लागूनच पूर्वी गाडी ठेवायची खोली होती. गाडी गेली आणि तिथे काकांचा कारखाना आला. मधोमध जुन्या पलंगाच्या पाइपातून केलेला एक उभा सांगाडा. त्यात काठी अडकवायची, स्प्रिंग खाचेपर्यंत ओढायची आणि सोडायची. चेंडू समोर टांगलेल्या गादीवर जाऊन आदळे. मारण्याआधी काठीच्या तोंडावर काकूंचीच पावडर थापायची, म्हणजे चेंडू नेमका कुठे लागला त्याचा ठसा उमटे. तो ठसा चिकटपट्टीवर उचलून काका वहीत चिकटवत. दिवसभर ठाक ठाक चाले, म्हणून अख्ख्या गल्लीने त्यांचं नाव ठोककाका ठेवलं होतं. पावडरचा डबा महिन्याभरात संपतो कसा, हे काकूंना लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं आणि त्यांनी आठवडाभर अबोला धरला.

पण खरा निकाल द्यायच्या काकूच. तोही ओट्यापाशी उभं राहून. एकदा भाजी चिरताना त्या सहज ओरडल्या होत्या, "अहो, ही उसवली!" काकांनी काठी उघडून पाहिली, तर आत डिंक सुटलेला. तेव्हापासून भिंतीपलीकडून ठोका पडायचा, अलीकडून काकू म्हणायच्या "बसला" नाहीतर "उसवला", आणि ऐकू आलं म्हणून काका भिंतीवर दोनदा टकटक करायचे. शिवणकामातला शब्द गोल्फमध्ये कसा चालेल म्हणून ते आधी हसले. नंतर वहीतही तोच शब्द लिहू लागले.

काकूंनी काठी सांगाड्यात अडकवली, पावडर थापली, स्प्रिंग सोडली. कानठळ्या बसल्या. काही म्हणजे काही कळलं नाही.

"इथून नाही कळायचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सोडा. मी आत जाते."

"आत? आतून काय दिसणार?"

"दिसायचंय कुणाला?"

ओट्यापाशी जाऊन त्यांनी सवयीने हातात सुरी घेतली. पलीकडे ठोका पडला. टक्, आणि त्यामागे एक बारीकशी ओढलेली शेपटी. उसवला.

हा आवाज त्यांनी याआधीही ऐकला होता. हीच काठी, हीच भिंत. आठ दिवस अंथरुणात काढून काका हट्टाने उठले होते. ठोक्याची शेपटी काकूंना स्वच्छ ऐकू आली होती, पण तिच्यामागून खोकल्याची उबळही आली. आता हे पुन्हा सगळं उघडत बसणार, या धास्तीने त्या ओरडल्या होत्या, "बसला!" सगळ्या आयुष्यात तेवढं एकच खोटं. भिंतीवरची टकटक त्या दिवशी जरा उशिराने आली होती.

काका गेल्यानंतर डॉक्टरांचा माणूस काठी न्यायला आला, तेव्हा काकूंनीच ती कोपऱ्यातून उचलून दिली होती. वही उघडण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं.

ते आज गोळा करावं लागलं. शेवटच्या पानावर चिकटपट्टी होती. ठसा बटणासारखा गोल हवा, तो लांबट, फरपटलेला. खाली काकांचं मोत्यासारखं अक्षर: 'ती म्हणते बसला. उसवला आहे. माझ्या दुखण्याने थकली बिचारी, कान चुकला. तिला सांगणे नको. परत चिकटवणे.'

काकू स्टुलावर बसल्या. पदर डोळ्यांना लावावा की तोंडाला, हे त्यांना कळेना, कारण रडण्याबरोबर हसूही येत होतं. कान चुकला म्हणे!

"काय झालं, काकू?"

"हात थरथरला नव्हता त्यांचा." त्यांनी वही डॉक्टरांपुढे धरली. "अक्षर बघा. थरथर दिसते कुठे? काठी कच्ची आहे हे मला कळलं होतं आणि मी खोटं सांगितलं. तुम्हाला दिलीही मीच. दोष द्यायचाय तर मला द्या."

डॉक्टरांनी दोनदा वाचलं. मग ते बाह्या दुमडू लागले. "डिंक कुठे असतो? चिकटवणं म्हणजे माझा रोजचा धंदा. फक्त इथे पेशंट ओरडत नाही."

"वरच्या फळीवर. आधी जुना खरवडून काढायचा. घाई करायची नाही."

"दाताचंही तेच आहे."

डिंक वाळायला एक रात्र लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना बंद करून डॉक्टर आले. काकूंनी पावडर थापली, पदर खोचला आणि त्या ओट्यापाशी गेल्या.

ठोका पडला. टक्. भरीव, एकसंध, शेपटीशिवाय.

"बसला!" काकू ओरडल्या.

आणि सुरी हातात तशीच धरून थांबल्या. नळाचा एक थेंब पडला, मग दुसरा. पलीकडच्या माणसाला पुढची रीत ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. काकूंनी सुरी ठेवली, हात पुसला आणि बोट मुडपून आपणच भिंतीवर दोनदा टकटक केली.

"आलो, काकू!" पलीकडून डॉक्टर म्हणाले.